‘रिदम तेन्गोकू’मध्ये ठोका दर वेळी उशिरा का पडतो, आणि तो जागेवर कसा आणायचा

गेल्या दिवाळीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली होती. ती पाच वर्षं तबला शिकते आहे, तीनताल झोपेतही चुकणार नाही अशी तयारी. मी तिला माझ्या फोनवर ‘रिदम तेन्गोकू’ हा तालावर बटण दाबायचा जुना व्हिडिओ गेम लावून दिला आणि स्वयंपाकघरात गेलो. वीस मिनिटांनी आलो तर बाईसाहेब रडवेल्या. पडद्यावर आठव्यांदा तेच जपानी अक्षर उमटलं होतं: यारिनाओशी, म्हणजे पुन्हा करा.

“मामा, मी बरोबरच दाबलं होतं. शप्पथ.”

मी म्हटलं, बटण सोड, गाणं चालू दे आणि टेबलावर बोटाने ठोका धर. तिने धरला. मी शेजारी बसून ऐकत होतो, पण मला टेबलावरचा टकटकाट आणि फोनमधलं चित्र जुळताना दिसेना. तिचं बोट चित्राच्या मागे पडत होतं, आणि दर वेळी अगदी तेवढंच. एखाद्या मात्रेला कमी नाही, एखाद्या मात्रेला जास्त नाही. ज्याची लय कच्ची असते त्याचा ठोका कधी पुढे पळतो, कधी मागे राहतो. इतका शिस्तीत मागे राहत नाही. मग माझं लक्ष तिच्या कानांकडे गेलं. कानात ब्लूटूथचे इअरबड होते. ते काढायला लावले, फोनचा स्पीकर चालू केला आणि दुसऱ्याच प्रयत्नात ती पास झाली.

तेव्हा वाटलं, सुटला प्रश्न. पण पुढच्या काही महिन्यांत हीच तक्रार वेगवेगळ्या कारणांनी परत आली: मित्राच्या टीव्हीवर, ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त रेट्रो हँडहेल्डवर (जुने खेळ चालवणारं हातात मावणारं यंत्र) आणि शेवटी माझ्या स्वतःच्या गेम बॉयवरही. दर वेळी खेळणाऱ्याचं म्हणणं एकच, “मला लयच नाही बहुतेक.” हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढतो आहे.

खेळाबद्दल थोडं

‘रिदम तेन्गोकू’, म्हणजे लयीचा स्वर्ग, ३ ऑगस्ट २००६ रोजी जपानात गेम बॉय ॲडव्हान्स या निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला. निन्टेन्डोचं त्यानंतरचं यंत्र, डीएस, बाजारात येऊन तेव्हा दीड वर्षाच्या वर झालं होतं, सगळ्यांचे डोळे तिकडे होते. जुन्या यंत्रावरचा हा खेळ जपानबाहेर निघालाच नाही. पुढे डीएस, वी आणि थ्रीडीएसवर त्याची भावंडं आली आणि ती ‘रिदम हेवन’, युरोपात ‘रिदम पॅरडाइज’, अशा नावांनी जगभर पोहोचली; थोरला मात्र घरीच राहिला. त्यामागची मूळ कल्पना त्सुन्कू या संगीतकाराची. ‘मॉर्निंग मुसुमे’ हा मुलींचा गायनसमूह उभा करणारा निर्माता म्हणून जपानात त्याला सगळे ओळखतात. लय ही सरावाने अंगात येणारी गोष्ट आहे, यावर या खेळाचा विश्वास आहे, आणि म्हणूनच तो मला इतका जवळचा वाटतो.

एकूण ४८ छोटे खेळ आहेत. कराते-का या खेळात आपल्याकडे कुंड्या आणि दिवे फेकले जातात, त्यांना ठोक्यावर ठोसा मारायचा. दुसऱ्या एकात कांद्याच्या चेहऱ्यावर एका लयीत केस उगवतात आणि त्याच लयीत ते चिमट्याने उपटायचे. हा सरळसरळ सवाल-जवाब आहे. दर टप्प्याच्या शेवटी रीमिक्स येतो, त्यात मागचे खेळ एका गाण्यात गुंफलेले असतात. असे आठ रीमिक्स. निकाल तीनच: यारिनाओशी म्हणजे नापास, हेइबोन म्हणजे बेताचं, आणि हाय लेव्हल. जपानी येत नसलं तरी काही अडत नाही, कारण सूचना कानालाच मिळतात.

आणि इथेच मेख आहे. हा खेळ कानाने खेळायचा म्हणूनच बनवला आहे. काही ठिकाणी तो मुद्दाम चित्राने फसवतो. अंतराळात चेंडू टोलवायचा एक खेळ आहे, त्यात कॅमेरा मध्येच दूर जातो आणि चेंडू टाचणीएवढा दिसतो. डोळ्यावर भिस्त ठेवणारा तिथे पडतो, कानावर ठेवणारा तरतो. त्यामुळे आवाज उशिरा पोहोचत असेल तर “बघून दाबतो” हा उपाय दोन टप्पे चालेल, पुढे नाही.

आधी उशिराची जात ओळखा

सेटिंगला हात लावण्यापूर्वी पाच मिनिटं नुसतं निरीक्षण करा. कराते-का लावा आणि चुका कशा होतात ते बघा.

दर ठोका सारखाच उशिरा पडत असेल, तर आवाज किंवा चित्र वाटेत अडकतंय. ब्लूटूथ, टीव्ही किंवा एम्युलेटरचा (जुन्या यंत्राची नक्कल करून त्याचे खेळ फोनवर-संगणकावर चालवणारा प्रोग्राम) बफर, म्हणजे वाजण्याआधी आवाज साठवून ठेवायची जागा, यांपैकी काहीतरी.

बहुतेक ठोके नेमके पडतात आणि मध्येच एखादा ठोका गायबच होतो, ठोसा मारलाच जात नाही, तर बटण बघा.

आवाज फाटतो, खरखरतो, गाणं क्षणभर अडखळतं आणि त्यानंतर सगळं बिघडतं, तर एम्युलेटर चालवणाऱ्या यंत्राला दम लागतोय किंवा सेटिंग चुकलं आहे.

ठोके लवकर पडत असतील तर ते वेगळं प्रकरण आहे, शेवटी बोलू.

शक्य असेल तर उशीर मोजाच. मी दोन पद्धती वापरतो. पहिली: दुसऱ्या फोनवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या, सेकंदाला २४० फ्रेमचा. बोट बटणावर बसलेलं आणि पडद्यावर हालचाल सुरू झालेली, यांमधल्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे ४ मिलिसेकंदांहून किंचित जास्त. दुसरी पद्धत आवाजासाठी, आणि माझ्या मते हीच जास्त उपयोगाची: खेळाच्या मेनूमध्ये खूण इकडून तिकडे नेली की बारीक ‘टिक’ वाजतं. दुसऱ्या फोनवर रेकॉर्डर चालू करा, हेडफोनची एक बाजू माइकला टेकवा, आणि बटण जरा जोरात दाबत मेनूत फिरा. रेकॉर्डिंग संगणकावर ऑडॅसिटी या आवाज तपासायच्या प्रोग्राममध्ये उघडलं की दोन शिखरं दिसतात, एक बटणाच्या खटक्याचं आणि एक खेळाच्या आवाजाचं. त्यांतलं अंतर निवडलं की मिलिसेकंदांत आकडा समोर येतो. भाचीच्या इअरबडने मला २१० दाखवले होते. तोच फोन, तोच खेळ, फक्त स्पीकरवर, तर ७० च्या आसपास.

२१० म्हणजे किती? गाणं मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत असेल तर दोन ठोक्यांमध्ये ५०० मिलिसेकंद असतात. अर्धी मात्रा २५०. म्हणजे पोरगी जवळजवळ अर्धी मात्रा मागे ऐकत होती. समेचा ठोका तिच्या कानात पोहोचेपर्यंत खेळ ऑफ-बीटपाशी, म्हणजे दोन ठोक्यांमधल्या जागेपाशी, गेलेला असायचा.

ब्लूटूथ

दहातल्या सहा-सात तक्रारी इथेच संपतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

साधा ब्लूटूथ हेडफोन आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. फोन आधी तो आवळून लहान करतो, मग पुड्या बांधून पाठवतो. हेडफोन काही पुड्या हाताशी राखून ठेवतो, म्हणजे मध्ये सिग्नल तुटला तरी गाणं अडू नये. मग उलगडून वाजवतो. या सगळ्याला मिळून साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. हेडफोन महागडा असला म्हणून हा उशीर आपोआप कमी होत नाही.

लोक मला विचारतात, मग त्याच हेडफोनवर सिनेमा बघताना ओठ आणि आवाज कसे जुळतात? कारण सिनेमा आधीच चित्रित झालेला असतो. ॲपला ठाऊक असतं की आवाज उशिरा पोहोचणार आहे, म्हणून ते चित्रही तेवढंच थांबवून दाखवतं. खेळात हे जमणार नाही. तुम्ही बटण कधी दाबणार हे यंत्राला आधी माहीत नसतं.

भाचीचा प्रश्न याहून नेमका होता. ती रोजचा रियाज लेहऱ्याच्या (तबल्याच्या साथीला फिरत राहणारी धून) ॲपवर करते, आणि तोही ब्लूटूथच्या स्पीकरवर. “मामा, तिथे तर मी बरोबर समेवर येते. मग इथेच कशी चुकते?”

हा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याच्या उत्तरात सगळं येतं. लेहरा दोनशे मिलिसेकंद उशिरा वाजला तरी तो तिच्या कानात वाजतो आणि तबलाही तिच्याच कानात वाजतो. दोघांची गाठ खोलीत पडते. फोनच्या आतलं घड्याळ काय म्हणतं याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. ऐकणारे गुरुजीही त्याच खोलीत बसलेले असतात. या खेळात मात्र परीक्षक फोनच्या आत बसला आहे. आवाज बाहेर पडायच्या आधीच, आतल्या घड्याळावर, तो तुमच्या ठोक्याची वेळ तपासतो. वाटेत आवाजाला उशीर झाला हे त्याला कळायला मार्गच नाही. मूळ यंत्रात ही वेळ कधी येत नव्हती, कारण स्पीकर, पडदा, बटण सगळं एकाच डबीत होतं. म्हणूनच या खेळात उशीर जुळवून घ्यायचं सेटिंगही दिलेलं नाही. नव्या जमान्यातल्या तालाच्या खेळांत ते असतं. इथे शोधत बसू नका.

उपाय सरळ आहे: वायरीचा हेडफोन. फोनला गोल खाच नसेल तर टाइप-सीचं कनेक्टर मिळतं, तेही चालतं. काही वायरलेस हेडफोनांना गेम मोड असतो, त्याने उशीर कमी होतो, पण किती होतो ते मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका. ॲप्टएक्स लो लेटन्सी नावाचा एक प्रकार ४० मिलिसेकंदांपर्यंत खाली येतो. मात्र तो फोन आणि हेडफोन या दोघांतही असावा लागतो, आणि अशी जोडी सहसा सापडत नाही.

ब्लूटूथ कंट्रोलर मात्र बिनधास्त वापरा. बटण दाबलं-सोडलं एवढा निरोप इवलासा असतो, त्याला आवळणं-उलगडणं काही लागत नाही. उलट फोनच्या काचेवरच्या बटणांपेक्षा कंट्रोलर कधीही बरा. काचेवर बोट नेमकं कधी टेकलं हे बोटालाच कळत नाही, आणि तबल्यावर चाटी मारायची सवय असलेल्या हाताला तर अजिबात नाही.

एम्युलेटर

वायर लावली, तरी थोडा पण ठरावीक उशीर उरतोच असं दिसलं, तर आता एम्युलेटरकडे वळा. खेळाची प्रत तुमच्याच कार्ट्रिजवरून (यंत्रात घालायची खेळाची डबी) उतरवलेली असावी, हे गृहीत धरतो.

एमजीबीए हा एम्युलेटर वापरत असाल तर ऑडिओच्या सेटिंगमध्ये बफरचा आकार शोधा. तिथले आकडे आवाजाच्या नमुन्यांचे असतात. नमुन्यांचा वेग ४४,१०० असेल तर २०४८ चा बफर म्हणजे ४६ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २३, आणि ५१२ म्हणजे जेमतेम १२. एकदम तळाला जाऊ नका. एकेक पायरी उतरा, दोन मिनिटं खेळा, खरखर सुरू झाली की एक पायरी वर या. बफर जितका लहान तितकी संगणकाला उसंत कमी, आणि फाटलेला आवाज उशिराच्या आवाजापेक्षा वाईट.

दुसरी गोष्ट, जी लोक बघतच नाहीत: गेम बॉय ॲडव्हान्स सेकंदाला बरोबर ६० फ्रेम दाखवत नाही, ५९.७२७५ दाखवतो. आपले पडदे ६० चे. एम्युलेटरला चित्राच्या तालावर चालायला सांगितलं तर खेळ अर्ध्या टक्क्याहून किंचित कमी एवढा वेगाने पळतो. तो वेग तुमच्या कानाला जाणवणार नाही. पण चित्र आणि आवाज दोघांच्याही तालावर एकाच वेळी चालायचा आग्रह धरला की ओढाताण होते आणि काही सेकंदांनी एकदा बारीक अडखळ येते. रीमिक्सच्या मधोमध ती आली तर खेळ गेलाच. एमजीबीएत फ्रेमच्या वेगाचं मूळ मूल्य निवडता येतं, ते ठेवा. आवाजाशी सिंक चालू, चित्राशी सिंक बंद. चित्र किंचित तुटकं दिसेल, दिसू दे. इथे आवाज राजा आहे.

रेट्रोआर्क हा एम्युलेटर चालवायचा दुसरा प्रोग्राम; बाजारातल्या स्वस्त हँडहेल्डांपैकी पुष्कळांच्या पोटात तोच असतो. त्याच्या ऑडिओच्या पानावर लेटन्सीचा, म्हणजे उशिराचा, आकडा सहसा ६४ असतो. तो ४८ वर, मग ३२ वर आणून बघा. फ्रेम वगळण्याची सोय बंद करा. मित्राच्या हँडहेल्डवर ती कुणीतरी आधीच चालू करून ठेवली होती, कदाचित दुसऱ्या एखाद्या जड खेळासाठी, आणि तो महिनाभर स्वतःच्या बोटांना दोष देत बसला होता.

यानंतर ‘रन-अहेड’. हे चालू केलं की एम्युलेटर एक फ्रेम पुढचं आधीच काढून ठेवतो आणि तुमचं बटण पोहोचताच तिथून दाखवतो, म्हणजे खेळाच्या आत मुरलेला एक फ्रेमचा, साधारण १७ मिलिसेकंदांचा, उशीर वजा होतो. एकच फ्रेम ठेवा. दोन-तीन ठेवले तर चित्र उड्या मारायला लागतं, कधी आवाजही तुटतो. यंत्र अगदीच अशक्त असेल तर या वाटेला जाऊच नका, कारण एकच काम दोनदा करावं लागल्याने त्याला धाप लागते.

एक बदल करा, मोजा, मग दुसरा करा. पाच सेटिंगं एकदम फिरवली की नेमकं कशाने फरक पडला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं.

टीव्ही

टीव्ही चित्र सुबक करायला वेळ घेतो. गेम मोड चालू करा. बहुतेक टीव्हींवर सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. हालचाल गुळगुळीत करणारी सोय असेल ती बंद. आवाज साउंडबारमधून जात असेल तर तो तात्पुरता काढून टीव्हीच्या स्पीकरवर खेळून बघा. निन्टेन्डोच्या गेमक्यूब या टीव्हीवर खेळायच्या यंत्राला जोडून गेम बॉयचे खेळ चालवणारा गेम बॉय प्लेअर कुणाकडे असेल तर त्याच्या मूळ डिस्कमध्येच थोडा उशीर आहे, आणि नवा टीव्ही जुना सिग्नल पचवताना त्यात भर घालतो. सोफा तीन मीटर लांब आहे म्हणून काळजी करू नका. तेवढं अंतर कापायला आवाजाला ९ मिलिसेकंद पुरतात.

मूळ यंत्र आणि अर्धमेलं बटण

मे महिन्याच्या सुट्टीत भाची परत आली तेव्हा माझ्या हाती टोकियोहून एका मित्राने आणलेलं मूळ कार्ट्रिज होतं. गेम बॉय ॲडव्हान्सला प्रदेशाचं कुलूप नाही, जपानी कार्ट्रिज कुठल्याही देशाच्या यंत्रात चालतं; निन्टेन्डो डीएस आणि डीएस लाइटच्या खालच्या खाचेतही चालतं. मी ते माझ्या जुन्या ॲडव्हान्स एसपीमध्ये, म्हणजे ॲडव्हान्सच्या घडी होणाऱ्या प्रकारात, घातलं. ना ब्लूटूथ, ना बफर. आता चुकायला जागाच नाही, असं आम्हाला वाटलं.

ती तरी चुकली. पण या वेळी वेगळ्या तऱ्हेने. सात ठोसे नेमके, आठवा गायब. मग बारा नेमके, एक गायब. “मी दाबलं होतं,” ती म्हणाली, आणि आता मी तिच्यावर लगेच विश्वास ठेवला. ए बटणावर बोट ठेवून हलकेच कडेला दाबून बघितलं, काही नाही. मधोमध दाबलं, चाललं.

एसपीच्या बटणाखाली रबराचा पडदा असतो. त्याच्या आतल्या बाजूला काळी कार्बनची टिकली. बटण दाबलं की ती खालच्या सर्किटवरच्या कंगव्यासारख्या दोन पट्ट्यांवर टेकते आणि वीज जोडली जाते. वीस वर्षांत तिथे धूळ, घाम, कधीतरी सांडलेला चहा, असं सगळं जाऊन बसतं. मग जोर लावून दाबलं तरच जोडणी होते. इतर खेळांत हे कळतही नाही, आपण नकळत पुन्हा दाबतो. इथे पुन्हा दाबायला वेळ नसतो.

साफ करायला अर्धा तास लागतो. आधी बॅटरी काढा. स्क्रू तीन पाकळ्यांच्या खाचेचे असतात, त्यांना ट्राय-विंग पेचकस लागतो. साध्या पेचकसाने जबरदस्ती केली की डोकी झिजतात आणि मग काम कायमचं अडतं. एक-दोन स्क्रू बॅटरीच्या खणात लपलेले असतात, ते न काढता झाकण ओढू नका. बिजागरीतून पडद्याकडे जाणारी चपटी केबल सर्वांत नाजूक. खालचा भाग उघडताना बोर्ड उपसू नका, हळूच कलता करा.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ‘आयपीए’ म्हटलं की देतात. कानकोरण्याचा कापूस त्यात ओला करून सर्किटवरच्या पट्ट्या पुसा. पहिला कापूस काळा-तपकिरी होऊन निघेल. तिसरा पांढरा निघाला की थांबा. रबराची काळी टिकली अगदी अलगद, एकदाच पुसा. घासू नका, कार्बनच निघून जातो. हातावर लावायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि चिकट पदार्थ असतात. पेन्सिलचं शिसं टिकलीवर चोळायचा सल्ला बरेच जण देतात. मी तो देणार नाही. दोन आठवडे चालतं आणि मग शिशाची भुकटी सगळीकडे पसरते. टिकली गेलीच असेल तर रबराचा नवा पडदा बसवा, तो स्वस्तात मिळतो.

सगळं सुकल्यावर बंद करा आणि बटणाच्या चारही कडांवर हलके दाबून बघा. पन्नासातले पन्नास लागले पाहिजेत.

दोन गोष्टी जाता जाता. एसपीला हेडफोनची गोल खाच नाही, चार्जिंगच्या सॉकेटमध्ये बसणारं वेगळं कनेक्टर घ्यावं लागतं. पहिल्या ॲडव्हान्सला आणि गेम बॉय मायक्रोला खाच आहे. आणि यंत्रात नवा आयपीएस पडदा, म्हणजे स्क्रीन, बसवून घेतला असेल तर काही पडद्यांवर चित्र एखाद्या फ्रेमने उशिरा येतं. आवाज मात्र वेळेवरच असतो, म्हणून डोळे मिटून खेळून बघा. मिटून बरोबर आणि उघडून चूक, तर कारण तो पडदाच.

ठोका लवकर पडत असेल तर

सगळं निस्तरल्यावर भाचीचा उशीर गेला आणि ती लवकर पडायला लागली. घाबरू नका, हे बऱ्याच जणांचं होतं. मेट्रोनोमबरोबर बोटाने ठोका धरायला सांगितला तर माणसं तो थोडा आधीच धरतात, कित्येकदा दहा-वीस किंवा त्याहून जास्त मिलिसेकंदांनी, आणि त्यांना आपण अगदी बरोबर आहोत असंच वाटतं. त्यात महिनोन्महिने उशिराच्या हेडफोनवर खेळलेलं असेल तर हाताने ती चूक भरून काढायची सवय लावून घेतलेली असते. हेडफोन बदलला तरी सवय मागे उरते.

यावर यंत्रात काही उपाय नाही, सराव करावा लागतो. पण सराव कसा करायचा हे मी तिच्याकडूनच शिकलो. सवाल-जवाबाच्या त्या कांद्याच्या खेळात ती केस उगवताना बोल म्हणायला लागली, तोंडातल्या तोंडात, धा धा तिट. मग उपटताना तेच बोल पुन्हा म्हणायचे आणि बोट बोलावर ठेवायचं, चित्रावर नाही. ऑफ-बीटच्या खेळांत ती रिकाम्या हाताने मांडीवर मूळ मात्रा धरते आणि अंगठ्याने मधली जागा दाबते. पहिल्या दिवशी हेइबोन, तिसऱ्या दिवशी हाय लेव्हल. तबला न शिकलेल्यांनी नुसतं एक-दोन-तीन-चार मोजलं तरी चालेल, फक्त मोठ्याने मोजा. मनात मोजलं की आकडेही घाईने पळतात.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा तिचे सात रीमिक्स झाले होते, आठवा उरला होता. एसपी मी चार्ज करून ठेवतो, महिन्यातून एकदा. वायरीचा हेडफोन आणि त्याचं कनेक्टर एका लहान डबीत आहे, डबीवर तिचं नाव लिहिलं आहे. दिवाळीला ती येईल.